संध्याकाळचं बीटेक, मेकॅनिकल, नोकरी सांभाळून : साडेतीन स्टार

पाचपैकी साडेतीन देतोय आणि त्यातला एक अख्खा स्टार एकट्या एका सरांचा आहे, ते पुढं सांगतो. कॉलेजचं नाव टाकणार नाही कारण शेवटच्या सेमची मार्कशीट अजून त्यांच्या हातात आहे आणि मला शांततेत पास व्हायचंय. पिंपरी-चिंचवडच्या बाजूचं प्रायव्हेट कॉलेज, इतकं पुरे.

मी डिप्लोमावाला, एमएसबीटीईचा (राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ) मेकॅनिकल, चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे, आधी प्रॉडक्शनला लाईनवर होतो मग क्वालिटीला आलो. रिव्ह्यू लिहायचं कारण म्हंजे आमच्या शॉपमधली दर दुसरी डिप्लोमाची पोरं येऊन हेच विचारतात, दादा डिग्री करू का नको, का त्यापेक्षा दोन वर्षं अजून घासून दुसरीकडं जंप मारू. प्रत्येकाला चहाच्या टपरीवर वेगवेगळं सांगून तोंड दुखलं म्हणून इथं एकदाच लिहितो.

आधी हे काय प्रकरण आहे ते. एआयसीटीईने (देशातल्या तंत्रशिक्षणाची नियामक संस्था) २०२३-२४ पासून वर्किंग प्रोफेशनल्ससाठी डिप्लोमा आणि डिग्रीचे वेगळे वर्ग चालवायला परवानगी दिली. डिप्लोमावाल्याला डायरेक्ट सेकंड इयरला ॲडमिशन, म्हंजे तीन वर्षं. किमान एक वर्षाचा फुलटाइम अनुभव लागतो, डिप्लोमाला ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०. कॉलेज आणि कंपनी यांच्यात किती अंतर चालेल ते पण ठरवून दिलेलं आहे, त्यामुळं नोकरी सोलापूरला आणि ॲडमिशन पुण्यात असलं काही जमत नाही. डिग्रीवर वर्किंग प्रोफेशनल वगैरे काही वेगळं लिहून येणार नाही, सर्टिफिकेट सगळ्यांसारखंच, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पोरांना हाच प्रश्न सगळ्यात जास्त पडलेला असतो, म्हणून आधीच क्लिअर केलं.

लेक्चर सहा ते नऊ, रविवारी प्रॅक्टिकल. ऐकायला सोपं वाटतं. चाकणवरून साडेपाचला सुटून तळेगाव चौकातून बाहेर पडलेला माणूस सहाला वर्गात पोचला असेल तर त्याने मला भेटावं, मी त्याला नारळ देतो. पहिलं लेक्चर निम्म्या वर्गाचं रोज बुडतं. आणि रोटेशन शिफ्ट असेल तर विषयच संपला, सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तुम्ही कॉलेजला नसताच. मी क्वालिटीला असल्यामुळं जनरल शिफ्ट मागून घेतली, ती पण फुकट मिळाली नाही, त्या बदल्यात शनिवारचे कस्टमर ऑडिट आणि महिनाअखेरीचा सगळा स्टॉक रिजेक्शनचा हिशोब माझ्या गळ्यात पडला. माझ्या बॅचला एक प्रेस शॉपचा मुलगा होता, त्याच्या मॅनेजरने शिफ्ट बदलून दिली नाही, बिचारा दुसऱ्या सेमनंतर यायचाच बंद झाला. फी गेली ती गेली.

आता मूळ मुद्दा, डिग्री कशाला पाहिजे. शिकायला पाहिजे हे उत्तर बहुतेक पोरं तोंडदेखलं देतात, खरं उत्तर ग्रेड. आमच्यासारख्या कंपन्यात जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) आणि डीईटी (डिप्लोमा इंजिनिअर ट्रेनी) असे दोन दरवाजे असतात. ग्रॅज्युएट ट्रेनी वर्षभराने कन्फर्म होऊन थेट इंजिनिअरच्या ग्रेडला बसतो, डिप्लोमा ट्रेनी त्याच्या एक-दोन पायऱ्या खालून चढायला लागतो. सुरुवातीची काही वर्षं ह्याचं काही वाटत नाही कारण आपल्याला काम येत असतं आणि त्याला येत नसतं. माझ्यासोबत डिप्लोमा केलेला एक मित्र तेव्हाच रेग्युलर डायरेक्ट सेकंड इयरला गेला, तीन वर्षांनी आमच्याच कंपनीत जीईटी म्हणून आला, आणि पहिल्या आठवड्यात माझ्याकडंच ड्रॉइंग घेऊन आला होता, पोझिशन टॉलरन्सला (भोक जागेवरून किती सरकलं तर चालेल) एमएमसी लावलाय म्हंजे बोनस (भोकाच्या मापावरून मिळणारी जादा सूट) कसा काढायचा विचारायला. मी शिकवलं. आज तो असिस्टंट मॅनेजर आहे आणि माझ्या लीव्हवर त्याची सही लागते. माणूस चांगला आहे, भांडण काही नाही, पण त्याने जी तीन वर्षं पगार सोडून घालवली ती आता दर अप्रेझलला त्याला परत मिळतायत आणि मी जी तीन वर्षं पगार घेऊन अनुभव कमावला तो एका ठराविक पदाच्या पुढं कुणी मोजायला तयार नाही.

म्हणजे अनुभवाला किंमत नाही असं नाही. इंटरव्ह्यूला डिग्रीवर कोण बसवत असेल पण घेताना विचारतात ते हेच की ८डी (तक्रारीचं मूळ शोधायचे आठ पायऱ्यांचे रिपोर्ट) स्वतः किती केले, पीपीएपी फाईल (नवीन पार्ट कस्टमरकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) स्वतः बनवलीय का, कस्टमरच्या लाईनवर जाऊन शिव्या खाल्ल्यात का. ते सांगता आलं नाही तर बीटेक असो का एमटेक, चहा पाजून घरी पाठवतात. मात्र मोठ्या कंपनीच्या पोर्टलवर सीव्ही टाकताना क्वालिफिकेशनच्या खान्यात बीई/बीटेक एवढाच पर्याय असला तर तुमचा आठ वर्षांचा अनुभव वाचायला माणूसच बसलेला नसतो. माझं खरं दुखणं हेच होतं, आणि त्यासाठीच फी भरली.

गंमत म्हंजे ज्याच्यासाठी पैसे भरले नव्हते ते जास्त मिळालं. इथं तो एक स्टार येतो.

शॉपमधे बोरिंग करताना (जॉबमधलं, म्हंजे मशिनवरच्या पार्टमधलं, भोक बारला लावलेल्या टूलने मोठं करताना) चॅटर आला, म्हंजे टूल थरथरलं, जॉबला आतून लाटा लाटा दिसायला लागल्या, की आमचे सेटर मामा (मशिन सेट करून देणारे, आयटीआय, रिटायरमेंटला आलेले, हाताला डोळे आहेत माणसाच्या) येऊन बघायचे आणि म्हणायचे, "साहेब, बार किती बाहेर काढलाय, आत घ्या की तो." बार आत घेतला की चॅटर जायचा. का जायचा ते मामांना पण सांगता यायचं नाही, मला तर त्याहून नाही. मी डिप्लोमाला कँटिलिव्हरचं (एकाच टोकाला धरलेल्या दांड्याचं) डिफ्लेक्शन, म्हंजे वाकणं, शिकलो होतो, पी एल क्यूब बाय थ्री ई आय (एल म्हंजे लांबी, ई म्हंजे धातूचा ताठपणा), पाठ करून पेपरात लिहिलं होतं, मार्क पण मिळाले होते, पण तो कँटिलिव्हर म्हंजे माझ्या समोरचा बोरिंग बार आहे हे कधी डोक्यातच आलं नाही. संध्याकाळच्या वर्गात स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच तासाला विचारलं, कोण मशिन शॉपला आहे, हात वर करा, आणि एकेकाला उभं करून त्याच्याच कामातला कँटिलिव्हर शोधायला लावला. माझ्यावर बोरिंग बार आला. सरांनी फळ्यावर गणित मांडलं, बार १२० मिमी बाहेर आहे तो १०० वर घेतला तर वाकणं किती कमी होईल. लांबीचा घन, म्हणजे १०० भागिले १२० चा घन, ०.५८ येतो, नुसता २० मिमी आत घेतल्याने वाकणं ४२ टक्क्यांनी कमी. मग म्हणले बार आत घेणं शक्य नाही, जॉबच खोल आहे, आता काय. २० चा बार काढून २५ चा घातला तर व्यास चौथ्या घातात जातो, बार जवळपास अडीच पट ताठ होतो. तो पण बसत नसेल तर कार्बाइडचा बार, त्याचा ई स्टीलच्या साधारण तिप्पट. आणि लांबी व्यासाच्या चौपटीच्या वर गेली की साध्या स्टील बारकडून अपेक्षाच ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी मी मामांना हे सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, तंबाखू झटकली, म्हणाले, "मग मी तीस वर्षं काय सांगतोय?" बरोबरच आहे त्यांचं. फरक एवढाच की मामांचं उत्तर मामा हजर असतील तरच मिळतं आणि एकच असतं, बार आत घ्या. पुढच्या महिन्यात नवीन पार्टचं डेव्हलपमेंट आलं, बोअर खोल, तिथं बार आत घेता येणारच नव्हता, मी मशिनला जॉब लागायच्या आधी मीटिंगमधे आकडे मांडून कार्बाइड बार मागितला. आधी असा बार मागितला की परचेसवाला महाग आहे म्हणून फाईल दाबून ठेवायचा, ह्यावेळेस त्याला बोलायला जागाच राहिली नाही. मामांची सही त्या रिक्वेस्टवर मी मुद्दाम घेतली.

असंच एसपीसीचं, म्हंजे मापांच्या आकडेवारीवरून प्रोसेसवर लक्ष ठेवायचं. सीपीके (मापं लिमिटच्या आत किती आरामात बसतात त्याचा आकडा) १.३३ च्या वर पाहिजे, कस्टमर १.६७ मागतो, हे मी कित्येक वर्षं एक्सेलमधे भरत होतो, रिडींग टाकलं की शीट आकडा काढून देते, लाल आला की ऑपरेटरला झापायचं. १.३३ म्हंजे मीनपासून (सरासरीपासून) जवळची लिमिट चार सिग्मा (सिग्मा म्हंजे मापांच्या पसाऱ्याचं एकक) लांब आहे, इतकी साधी गोष्ट मला मॅथ्सच्या तासाला कळली. आणि हे पण कळलं की लाल आकडा दरवेळी ऑपरेटरचा गुन्हा नसतो, मीन एका बाजूला सरकलंय का पसारा वाढलाय हे आधी बघायचं असतं, मीन सरकलं असेल तर मशिनला ऑफसेट (तेवढीच दुरुस्ती) दिला की काम होतं, पसारा वाढला असेल तर मशिनकडं बघा. ऑपरेटर लोक आता माझ्याशी जरा बरं बोलतात.

माझं ठाम मत झालंय की हेच विषय मी एकोणिसाव्या वर्षी रेग्युलरला शिकलो असतो तर परत पाठ करून सोडून दिले असते. कामाचा मार खाल्लेल्या माणसाला थिअरी वेगळीच लागू पडते. त्यामुळं डिग्री आधी का अनुभव आधी असं कुणी विचारलं तर मी डिप्लोमावाल्याला सांगेन दोन-तीन वर्षं शॉपफ्लोर बघ, मग वर्गात बस. पण सात-आठ वर्षं होऊ देऊ नको, तोपर्यंत लग्न, होमलोन, लेकरू सगळं एकदम येतं आणि मग सहाचं लेक्चर कसलं, सहाला दूध आणायला पळायचं असतं.

आता दीड स्टार कुठं कापला ते.

सगळे सर त्या सरांसारखे नाहीत. बरेचसे दिवसभर रेग्युलर पोरांना शिकवून दमलेले असतात, तीच पीपीटी संध्याकाळी परत चालवतात, आम्ही पण दमलेले, दोघं मिळून नऊ वाजायची वाट बघतो. मेट्रॉलॉजीचं प्रॅक्टिकल तर विनोद होता, समोर बसलेली निम्मी पोरं रोज सीएमएमवर (बारीक मापं घेणारं मशिन) काम करणारी आणि आम्हाला व्हर्निअरचा लीस्ट काउंट ०.०२ काढायला लावला, तो पण अशा व्हर्निअरवर ज्याचा झीरो एररच इतका होता की आमच्या स्टँडर्ड रूममधे असता तर लाल टॅग लावून कपाटात गेला असता. कॅलिब्रेशन स्टिकर विचारला तर लॅब असिस्टंट म्हणले, "तुमच्या कंपनीसारखं इथं नसतं." हो, दिसतंय.

ऑफिसचा प्रकार त्याहून वर. वर्ग संध्याकाळी सहाला सुरू होतात आणि फी, परीक्षा फॉर्म, बोनाफाईड ह्या सगळ्याचा काउंटर पाचला बंद. संध्याकाळच्या विद्यार्थ्यांसाठी! एका बोनाफाईडसाठी अर्धी रजा टाकावी लागते. तीन वर्षं अर्ज देतोय, काउंटर आठवड्यातून एक दिवस तरी सातपर्यंत ठेवा, अजून विचाराधीन. कँटीन पण तोपर्यंत बंद झालेलं असतं, गेटबाहेरचा वडापाववाला मात्र आमची बॅच सुरू झाल्यापासून रात्री नऊपर्यंत थांबतो, धंद्याची अक्कल त्याच्याकडून घ्यावी.

पैशाचं. वर्षाला लाखाच्या आसपास फी, वर पेट्रोल, पुस्तकं, परीक्षा, म्हंजे तीन वर्षात साडेतीन-चार लाख धरून चाला. शिवाय जे दिसत नाही ते, जंप न मारल्याचा तोटा. तीन वर्षं तुम्ही कॉलेजजवळच्या कंपनीला बांधलेले असता, मला मधे रांजणगावला बऱ्यापैकी हाईक मिळत होती, रोज तिथून सहाला कॉलेज शक्यच नव्हतं म्हणून सोडली. पगार चालू असतो हा मोठा आधार आहे, रेग्युलरवाल्याला तो नसतो, पण हे फुकटात चाललंय असं समजू नका.

आणि फी भरायच्या आधी एक काम कराच. एचआरला मेल टाकून विचारा, नोकरीत असताना घेतलेली डिग्री ग्रेडसाठी धरता का, आणि धरत असाल तर पास झाल्यावर लगेच का पुढच्या एप्रिलला. तोंडी नको, मेल. आमच्या बॅचच्या एकाला एचआर तोंडी "हो हो, बघू ना" म्हणत राहिली आणि आता म्हणते की जॉइनिंगच्या वेळचं क्वालिफिकेशनच रेकॉर्डला धरतो. त्याला आता डिग्री वापरायला कंपनीच बदलावी लागणार. माझ्याकडं मेल आहे, पुढच्या अप्रेझल सायकलला विचार करू असं लिहिलंय, विचार करू म्हंजे नक्की काय ते तेव्हाच कळेल.

बाकीचे पर्याय पण लोक विचारतात. डिस्टन्स बीटेकच्या जाहिरातीत अडकू नका, घरबसल्या डिग्री, फक्त परीक्षेला या, वगैरे. इंजिनिअरिंगची डिग्री पत्रव्यवहाराने चालत नाही, ३ नोव्हेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने ह्यावर निकाल दिलाय, काही अभिमत विद्यापीठांच्या अशा डिग्र्या तेव्हा अडकल्या आणि नोकरीत असलेले लोक मधेच लटकले. एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची परीक्षा) आमच्या आधीच्या पिढीचा आधार होता, कामावरून येऊन रात्री अभ्यास करून सेक्शन ए, सेक्शन बी काढलेले साहेब आमच्या कंपनीत अजून आहेत आणि त्यांचा बेसिक बघून घाम फुटतो. पण डिग्रीच्या बरोबरीची मान्यता ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच, त्यामुळं आज त्या भरवशावर सुरुवात करू नका.

ज्याला ग्रेड-बिड नको, हातातलं काम वाढवायचंय, त्याने खरंच बीटेकच्या भानगडीत पडू नये. टूल डिझाईन, प्रोग्रॅमिंग ह्यात जायचं असेल तर संभाजीनगरचं इंडो जर्मन टूल रूम घ्या, तिथला कोर्स केलेला पोरगा भोसरीच्या कुठल्याही टूल रूममधे उभा राहिला तर लोक त्याला बसायला खुर्ची देतात. नुसती थिअरी पक्की करायची असेल तर एनपीटीईएलच्या साईटवर आयआयटीच्या सरांची लेक्चर फुकट आहेत, सर्टिफिकेटच्या परीक्षेची तेवढी फी लागते. मी स्वतः व्हायब्रेशनचा पेपर त्याच्यावरच काढला, आमच्या वर्गात तो विषय तीन पीपीटीत उरकला होता. स्वतःचं जॉबवर्क टाकायचं असेल तर त्या चार लाखात सेकंडहँड मशिनचं डाउन पेमेंट होतं, कस्टमर तुमची डिग्री बघायला येत नाही, पार्ट वेळेवर येतो का बघतो.

पण ज्याला गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) द्यायचंय, एमटेक करायचंय, किंवा एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा डोक्यात आहे, त्याच्यापुढं चर्चाच नाही, डिप्लोमावर ती दारं उघडत नाहीत, तिथं वीस वर्षांचा अनुभव पण चालत नाही. फक्त वयाची अट आधी बघा, पास होईपर्यंत वय निघून गेलं असं व्हायला नको.

आमच्या घरी ह्या तीन वर्षांचा रिव्ह्यू वेगळा निघेल. बायकोने एक स्टार पण दिला नसता, रविवार नावाचा वार आमच्या कॅलेंडरमधे नव्हताच. घरच्यांशी आधी बोलून घ्या, फी भरल्यावर नाही.

ॲडमिशनला जाणार असाल तर डिप्लोमाच्या सगळ्या मार्कशीट, लिव्हिंग, कंपनीचं एनओसी आणि अनुभवाचं लेटर (लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट, जॉइनिंग डेट स्पष्ट), सॅलरी स्लिप, कास्ट सर्टिफिकेट-व्हॅलिडिटी लागू असेल तर ते, असं सगळं दोन-दोन सेट झेरॉक्स करून न्या, आणि पाचच्या आत न्या. फी हप्त्यात घेतात, पण तुम्ही विचारलं तरच सांगतात.